खाडीतली फ्रेम

घरात रंगकाम काढलंय. रंगाऱ्याच्या रबरी हातमोज्यांचा वास आला आणि सीवूड्सची खाडी आठवली. ओहोटीची सकाळ होती. आमची सोसायटी तसलेच हातमोजे घालून तिवरांमधला कचरा काढायला चिखलात उतरली होती. सेक्रेटरी गोणीचं तोंड उघडं धरून "टाका, बिनधास्त टाका!" म्हणत सगळ्यांमधून फिरत होता. बाटल्या, थर्माकोल, देवांचे फोटो, काय काय निघत होतं. खांदेश्वरहून खास आलेली त्याची धाकटी बहीण माझ्या शेजारीच मुळांत अडकलेली एक फ्रेम ओढत होती. फ्रेम निघाली. तिने काचेवरचा चिखल अंगठ्याने पुसला. आत त्यांचे वडील होते. "दादा, बाबा तर तुझ्या हॉलमध्ये होते ना?" तो पुटपुटला, "अगं, इंटिरियर केलं तेव्हा... कचऱ्यात कसं टाकणार? नमस्कार करून पाण्यात सोडलं." गोणीचं तोंड त्याने अजून उघडंच धरलं होतं. तिने शांतपणे विचारलं, "मग आता यात टाकू?" आज मघाशी घरात माझा मुलगा म्हणाला, "आई, रंग झाल्यावर ही भिंत मोकळीच ठेवूया का?" भिंतीवरून उतरवलेला त्याच्या बाबांचा फोटो तेव्हा माझ्या मांडीवर होता.