एका रिंगचा बंदोबस्त

आमच्या साडूंना फोन लावणं हे बीड जिल्ह्यातलं सगळ्यात अवघड काम आहे, आणि लागलेला फोन त्यांच्याकडून सोडवून घेणं त्याहून अवघड. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला तेलगावात. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात झाली, त्यामुळे फोन ही वस्तू माणसानं दुसऱ्याच्या भरवशावर वापरावी हेच त्यांना मान्य नाही. "हीर आपली, मोटार आपली, आन पानी मातर शेजाऱ्याला इचारून प्यायचं?" असं म्हणत निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातच टेलिफोन एक्स्चेंज काढलं. एक जुना कॉम्प्युटर, त्यात इंटरनेटवरून फुकट उतरवून घेतलेलं सॉफ्टवेअर, आणि इंटरनेटच्या तारेवर चालणारे चार फोन. एक त्यांच्या घरी, एक बीडला आमच्याकडे, एक त्यांच्या पुण्याच्या लेकीकडे, आणि चौथा, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप होता तो, आष्टीकडच्या एका खेड्यात त्यांच्या आक्काकडे.

आक्का ही त्यांची थोरली बहीण. आईबाप ऊसतोडीला गेले की हिनंच चुलीपुढे बसून भाकरी थापायच्या आणि धाकट्या भावाला कान धरून शाळेत नेऊन सोडायचं. आता ती एकटीच असते. घरात मोबाइलला रेंज नाही, बोलायचं तर गावामागच्या टेकडावर चढावं लागतं, आणि गुडघे चढू देत नाहीत. "तेलगावला चल," म्हणून साडू हट्टाला पेटले, ती येईना, दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी शेजारच्या पिठाच्या गिरणीपर्यंत आलेली इंटरनेटची तार साडूंनी आक्काच्या घरात ओढून घेतली आणि फोन बसवला. "ती न्हाई आली तर न्हाई. पर रोजच्या रोज तिची खबर कळली पायजे. न्हाईतर मला घास उतरत न्हाई," म्हणाले.

तो कॉम्प्युटर, म्हणजे एक्स्चेंजचा सर्व्हर, बैठकीतल्या कोनाड्यात मांडलाय. घरातला एकुलता एक टेबलफॅन भर उन्हाळ्यात त्याच्याकडे तोंड करून फिरतो आणि पाव्हणे पेपरनं वारा घेतात. माझी मेव्हणी एकदा म्हणाली, "आमच्या तापात कंदी कपाळावर हात ठिवला न्हाई, आन त्या डब्याला घडीघडी हात लावून बघतेत." पण मुळात हा माणूस कुलपाचा. फाटकाला दोन कुलपं, सायकलीला साखळी, एसटीत पिशवी सीटला बांधणार. त्यांच्या हाती सर्व्हर लागल्यावर काय होणार. त्याचा पासवर्ड एवढा लांब की एका दमात म्हणता येत नाही. बरं, तो कुणा एकाकडे पूर्ण नको, म्हणून अर्धा मेव्हणीला आणि अर्धा मला पाठ करायला लावला. माझा अर्धा त्यांनी मला बीडच्या स्टँडवर, उसाच्या रसाच्या गाड्यामागे नेऊन कानात सांगितला. लोक बघायला लागले तर म्हणतात, "मोठ्यानं म्हणू नका साडूभाऊ, व्हटातल्या व्हटात म्हणा." मी तिथेच निम्मा विसरलो, ते अजून त्यांना सांगितलेलं नाही.

त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती म्हणा. असा सर्व्हर उघडा दिसला की जगभरचे भामटे येऊन कडी वाजवतात, आणि आत शिरले तर तुमच्या नावावर परदेशात गप्पा हाणतात. म्हणून चुकीचा पासवर्ड टाकणाऱ्याला बाहेर ठेवायचा नियम साडूंनी घातला. सगळे तेवढंच करतात, पण साडू सगळ्यांसारखे नाहीत. त्यांनी पदरचा आणखी एक नियम जोडला. जो एक रिंग देऊन फोन ठेवतो, तो घरात कुणी आहे का हे हेरतोय. असं त्यानं लागोपाठ तीनदा केलं की सर्व्हरनंच त्याला कायमचं हाकलायचं. "आता चोराचा बाप आला तरी आत येत न्हाई," असं सांगून त्यांनी आम्हा सगळ्यांना पेढे दिले.

चार-सहा दिवसांनी आक्काचा फोन मुका झाला. इकडून लावला तर लागेना, तिकडून काही येईना. गिरणीवाल्याला विचारलं तर म्हणाला, "बऱ्या हायत, पर फोनचं नाव काढलं की त्वांड फिरवतेत." साडूंच्या मनानं घेतलं की आक्कानं रागानं वायर उपटली. दोन वेळा जेवताना ताट सरकवून उठले, आणि तिसऱ्या दिवशी मला घेऊन आष्टीच्या एसटीत बसले. पिशवी सीटला बांधायची विसरले, ती मीच बांधली.

आक्का ओसरीवर बसली होती. आत फोन पुसून, वर विणलेला रुमाल घालून ठेवलेला. वायर जिथल्या तिथं. भावाला बघून म्हणाली, "कावून आलास? फोन तोडलास की माजा. न्हाई आले तुज्याकडं म्हून येवढा राग?"

"मी तोडला? आक्का, तूच तर कंदी केला न्हाईस."

"केला न्हाई कसा? रोज दिवेलागणीला मिसकॉल देत हुते की. येक रिंग. मंग येक दिवस त्यो वाजायचाच बंद झाला."

साडू दिवेलागणीला विहारात वंदनेला जातात, मेव्हणी टीव्हीपुढे असते, ती एक रिंग कुणाच्या कानावर गेलीच नव्हती. ऐकली होती फक्त सर्व्हरनं, आणि ज्या बाईसाठी तो मांडला तिलाच चोर ठरवून दाराबाहेर काढलं होतं.

"अगं, फुकट हाय त्यो," साडू म्हणाले. "बोलायचं की मनसोक्त."

"फुकट असंल. पर रोज काय बोलायचं? भाकर खाल्ली, शेळी बांधली. मी हाय येवढं तुला कळलं, बास झालं की." मग म्हणाली, "तुज्या लेकीच्या लग्नापसून देतीया मिसकॉल, टेकडावर जाऊन. तवा कळायचा तुला, आता कावून कळंना?"

साडू तिच्या गुडघ्याला तेल चोळत संध्याकाळपर्यंत बसून राहिले.

तो नियम त्यांनी तेलगावला पोचल्याबरोबर खोडला. जन्मात पहिल्यांदा त्यांनी एखादं कुलूप स्वतःहून काढलं, अशी मेव्हणीनं आम्हाला बातमी दिली. आता ते वंदना आटोपून घाईनं घरी येतात. परवा मी तिथंच होतो. मेव्हणीनं टीव्हीचा आवाज बंद केला, साडूंनी फॅनही बंद केला. उकाड्यात आम्ही तिघं गप्प बसून राहिलो. फोन वाजला. सवयीनं माझा हात पुढं गेला, तर साडूंनी तो धरला.

"उचलू नका, साडूभाऊ. सांगून झालं तिचं."

एक रिंग झाली आणि थांबली. त्यांनी माझा हात सोडला, मेव्हणीला म्हणाले, "वाढा आता," आणि फाटकाला कुलूप लावायला गेले.

बीडला आमच्या घरीही त्यांनी दिलेला फोन आहे. त्यावर आम्ही सगळे भरपूर बोलतो. पण आपण नुसते आहोत, एवढंच सांगायला मला कुणी फोन करत नाही, आणि मी तरी कुणाला करतो?