उशाखालची सुरी

आमच्याकडे बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड ठेवतात, काही बाधू नये म्हणून. सासूबाईंनी नल्लकुंट्यातल्या आमच्या घरी माझ्या नि मुलीच्या उशाखाली सुरी सरकवली, तेव्हा मी मुकाट्यानं मान डोलावली, पण आतून थिजले. हातात सुरी आली आणि मी मुलीला मारलं तर? हा विचार त्याआधीच डोक्यात ठाण मांडून बसला होता. मला तसं मुळीच करायचं नव्हतं. तिच्यावरून जीव ओवाळून टाकावासा वाटायचा, आणि तरी डोळ्यांपुढे तेच.

मग आमचा लपंडाव सुरू झाला. त्यांची पाठ वळली की मी सुरी कपाटावर टाकायची, त्यांनी ती शोधून परत उशाखाली ठेवायची. भाजी चिरणं मी सोडलं. मुलीजवळ एकटी थांबेना. "सूनबाईंना आळस चढलाय," असं त्या नणंदेला फोनवर सांगताना मी ऐकलं. खुशाल आळशी म्हणा, पण मला एकटीला हिच्यापाशी सोडू नका, एवढंच वाटलं.

शेवटी नवरा हिमायतनगरला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेला. हा ओसीडी आहे, त्या म्हणाल्या. ज्याची सगळ्यात धास्ती, त्याचेच विचार येतात. ते हाकलू नका, सुऱ्या लपवू नका, 'मी असं करणार नाही ना' म्हणून कुणाला विचारत बसू नका. हातातलं काम चालू ठेवा. ऐकायला किती सोपं! मला त्यांचा रागच आला.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. आता मुलीला माझ्यापासून दूर ठेवतील, असं धरूनच चालले होते.

"इतके दिवस एकटीच परेशान होत बसलीस?" मग हळूच म्हणाल्या, "सुरी काढू का?"

"नको आई. डॉक्टरबाई राहू दे म्हणाल्यात."

त्यांनी मुलीला माझ्या मांडीवर दिलं, चपला घातल्या आणि "तरकारी घेऊन येते" म्हणत बाहेर पडल्या. दार लागलं. विचार आलाच. मुलगी दूध पीत होती. मी तिला खाली ठेवलं नाही, शेजारणीला हाकही मारली नाही.

सासूबाई परतल्या. आधी मुलीकडे धावतील, दुपटं उघडून बघतील, असं वाटलं. त्या "आज भेंडी कोवळी मिळाली गं" म्हणत सरळ स्वयंपाकघरात गेल्या, आणि मला रडू फुटलं.