हार्लन व्रूमन यंदा मरत नाही

आमच्या खेड्यात हार्लन व्रूमनला दोन गोष्टींसाठी ओळखतात. एकतीस वर्षं त्याने शाळेची बस चालवली आणि एकही मूल रस्त्यात विसरला नाही. आणि दर ऑगस्टात ओढ्याकाठच्या लढाईत तो मरतो.

लढाई खोटी असते. आमच्याच शेतकऱ्यांनी एके काळी इंग्लंडच्या राजाच्या शिपायांना इथे अडवलं होतं, त्याची आठवण म्हणून आम्ही जुन्या धर्तीचे कपडे शिवतो, तंबू ठोकतो आणि ठासणीच्या बंदुकांत नुसती दारू भरून बार काढतो. गोळी नसते, पण कुणीतरी पडायला हवंच, नाहीतर बघणाऱ्यांना गंमत काय? म्हणून आमच्या तुकडीचा नियम असा, की ज्याची बंदूक तीनदा फसली त्याने पडायचं. हार्लनकडे स्वतःची बंदूक नव्हती. तुकडीच्या पेटीतली एक जुनाट त्याला मिळे, ती पाचात एकदा उडे. त्यामुळे अकरा वर्षं तो पहिल्या पाव तासातच गेला.

मरायचा मात्र सुरेख. छातीवर हात, मग गुडघे, मग टोपी एका बाजूला. त्याच्या बसमधली मुलं आता आपली मुलं घेऊन खास ते बघायला येतात. टाळ्या पडतात. मग तो उन्हात पडून राहतो आणि मुंग्या त्याच्या मोज्यांत शिरतात.

खरं दुखणं त्यापुढचं. चार वाजता माझ्या रश्श्याच्या हंड्यापाशी हजेरी होते. कॅप्टन नावं वाचतो, जिवंत असतील ते ‘हजर’ म्हणतात, मेलेले गप्प बसतात. आणि मेलेल्यांना सगळ्यात शेवटी वाढायचं. हा रिवाज कुणी पाडला ठाऊक नाही, मी पळी हातात घेतली तेव्हा तो होताच. अकरा वर्षं मी हार्लनला तळाचं खरवडून वाढलंय. तो कधी काही बोलला नाही. यंदा वसंतात मात्र प्रार्थना सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर म्हणाला, "ऑक्टोबरात गुडघ्यांचं ऑपरेशन आहे. पुढच्या वर्षी रांगेत उभा राहीन की नाही, देव जाणे. एकदाच मला ‘हजर’ म्हणायचंय."

म्हणजे न फसणारी बंदूक हवी. कॅप्टन विन्सलोकडे आहे तशी इटलीची घ्यायची तर घराचं छप्पर बदलायचं राहणार होतं. हार्लनची बायको डोरीन म्हणाली, "छप्पर खरं गळतंय, तुझी लढाई खोटी आहे." तेव्हा त्याने भारतातून येणारी स्वस्तातली नक्कल मागवली.

खोकं लांबलचक. डोरीनला वाटलं पडद्याच्या दांड्या आल्या, तिनेच ते फोडलं. दुपारभर हार्लन परसात चाप ओढत होता. गारगोटी ठिणग्या टाकी, बाहेरची चिमूटभर दारू फुस्स करून जळे, आणि आत शांतता. डोरीन खिडकीतून म्हणाली, "तुझ्यासारखीच आहे. नुसता धूर."

आग नळीत जायला जे भोक लागतं ते पाडलेलंच नव्हतं. बिनभोकाची बंदूक कायद्याला शोभेची वस्तू वाटते, म्हणून ती तशीच पाठवतात. खोक्यातल्या कागदावर हे ठळक छापलं होतं, पण हार्लनने आयुष्यात रस्त्यावरच्या पाट्यांपलीकडे काही वाचलेलं नाही. शेवटी बंदुका दुरुस्त करणाऱ्याने भोक पाडून दिलं, बंदूक जुन्या टायरला बांधली आणि लांबून दोरीने उडवून पाहिली. मग दोन आठवडे हार्लन भांडी घासायच्या घासणीने तिचं चकचकीत वार्निश उतरवत होता.

लढाईच्या सकाळी तपासणी. कॅप्टन विन्सलो एरवी आमचा दातांचा डॉक्टर, त्यामुळे तो बंदुकीतही तोंडात बघावं तसा बघतो. लाकूड अक्रोडाचं नाही, पितळ फार पिवळं आहे, दस्ता जाड आहे, अशी कीड दाखवत तो शेवटी म्हणाला, "हार्लन, ही दुरून बरी दिसते."

"शत्रू दुरूनच बघतो, कॅप्टन."

पण दारू ठासायचा गज नळीत टाकला तेव्हा तो स्वच्छ खणकला, आणि दहापैकी दहा वेळा ठिणगी पडली. पितळेच्या रंगाबद्दल नियमांत काही नव्हतं.

पहिला बार व्हायच्या आधी मी मनात प्रार्थना केली. एवढ्याशा गोष्टीसाठी देवाला हाक मारावी का, असंही वाटलं, पण मारली. बार असा दणक्यात उडाला की सवयीने हार्लनचा हात छातीवर गेला. शेजारच्याने त्याचा कोट धरून ठेवला म्हणून, नाहीतर तो पडलाच होता.

मग कॅप्टनची इटालियन फसली. पुन्हा फसली. तिसऱ्यांदा नुसती टिक् वाजली, आणि सगळी रांग त्याच्याकडे बघू लागली.

"गारगोटी झिजली आहे," कॅप्टन म्हणाला. "हे धरायचं नसतं."

"नियम तुमच्याच अक्षरात लिहिलाय, कॅप्टन," रांगेतून कुणीतरी म्हणालं.

वीस वर्षांत कॅप्टन कधी मेला नव्हता. त्याने आधी स्वच्छ गवत शोधलं, चष्मा काढून खिशात ठेवला, कोट सावरला आणि हळूच बसला. गर्दीतलं एक पोर आईला विचारत होतं, त्या आजोबांचं काय हरवलंय. हार्लन दारू ठासता ठासता पुटपुटला, "आडवे व्हा, कॅप्टन. टोपी सोडा. सोडा हो टोपी."

इकडे लोक खोळंबलेले. एक बाई ओरडली, "हार्लन, पड की आता, मुलांना भूक लागलीये." त्याने मान हलवली आणि बार काढला. शेवटी उरलेल्यांनी टेकडीवर माघार घ्यायची असते. मेलेल्यांना चढ चढावा लागत नाही, हे त्याला अकरा वर्षांत कळलंच नव्हतं. दोघांनी बगलेत धरून त्याला वर नेलं.

चार वाजता अडचण झाली. मेलेल्याने बोलायचं नाही, तर हजेरी कोण घेणार? कॅप्टनने न बोलता कागद पुढे केला. जिवंतांत वयाने मोठा हार्लन. त्याने एकेक नाव सावकाश वाचलं, बसमध्ये मुलं मोजावीत तसं. मग थांबला. टोपी काढली.

"हार्लन व्रूमन," त्याने वाचलं. आणि सगळ्यांकडे बघून म्हणाला, "हजर."

त्यानंतर कॅप्टनचं नाव वाचलं. कॅप्टनने तोंड उघडलं आणि मिटलं.

पहिली वाटी मी हार्लनला भरून दिली, वरचं मांस बघून. सगळ्यांच्या मागून कॅप्टन आला. मी तळ खरवडला. त्याने उभ्यानेच एक घास घेतला.

"हे करपलंय," तो म्हणाला.

"दरवर्षीच करपतं, कॅप्टन," मी म्हटलं. "हार्लनला विचारा."