वाय दाबण्याआधी उभं राहा

चहाला बसलो की कुणीतरी हटकून म्हणतं, "सर, ती डेस्कटॉप उडवल्याची गोष्ट सांगा की!" मग एका किश्श्यातून दुसरा निघतो आणि चहा गार होतो. सोलापुरातल्या आमच्या कॉलेजची ही लॅब. वीस कॉम्प्युटर, सगळे म्हातारे, सगळ्यांवर विंडोजऐवजी लिनक्स. सॉफ्टवेअर घालायचं असो वा काढायचं, कमांड टाईप करायची. मी तिथला इन्चार्ज आणि मला या लॅबचा भारी अभिमान आहे. आधीच सांगून टाकतो, नंतर फुशारकी म्हणू नका!

* * *

आमचे शिंदे सर अकलूजचे. मुलं तासाला बुद्धिबळ खेळतात म्हणून चिडले आणि खेळच काढून टाकायला बसले. कॉम्प्युटरने खेळाबरोबर आणखी काय काय जाणार याची लांबलचक यादी दाखवली आणि विचारलं, काढू का, वाय की एन, म्हणजे हो की नाही? सरांनी यादीकडे ढुंकूनही न बघता वाय दाबलं. मशीन परत चालू केलं तर ना चित्र, ना माऊसचा बाण!

"आवो, खेळ काडायला गेलो आन् घरच पाडलं की!"

एका कमांडमध्ये मी सगळं परत आणलं. पण त्या दिवसापासून नियम झाला. काहीही काढायचं असेल तर वाय दाबण्याआधी उभं राहायचं आणि जाणाऱ्यांची यादी मोठ्याने वाचायची. शिंदे सर तर पाठ केल्यासारखी वाचतात.

* * *

लॅब झाडायला नरसम्मा मावशी येतात. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी, इंग्रजीचा गंध नाही. एकदा झाडू थांबवून म्हणाल्या, "सर, उभं राहून रोज कुणाची आरती म्हणताय ओ?"

मी कॉम्प्युटरचा पडदा दाखवला. "मावशी, ही लाल अक्षरं दिसतात ना? ही जाणाऱ्यांची नावं. न वाचता वाय दाबलं तर सगळं काम बंद पडेल."

"असं व्हय!" तेव्हापासून कुणी बसून वाचलं की मावशी झाडूची मूठ बाकावर ठक्कन आपटतात. माझ्यापेक्षा मुलं त्यांनाच जास्त घाबरतात.

* * *

आमची विद्यार्थिनी, बार्शीची रेश्मा, पुण्याला इंटरव्ह्यूला गेली. समोरच्या साहेबांनी कॉम्प्युटरवरचं एक पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअर, काढायला सांगितलं. यादी आली तशी ही खुर्ची सरकवून उभी राहिली आणि खणखणीत आवाजात वाचू लागली!

"काय झालं?" साहेब दचकले.

"आमच्या लॅबचा नियम हाय, सर."

तिला नोकरी लागली. महिन्याने फोन आला, "सर, आता हितं समदेच उभं राहत्यात!"

* * *

आमच्या कोपऱ्यातल्या मशीनवर लागणारी सगळी पॅकेजेस उतरवून ठेवलेली असतात. बाकीची एकोणीस मशीन त्याच्याकडूनच घेतात. प्रॅक्टिकलच्या दिवशी रस्ता खोदताना नेटची केबल तुटली. बाहेरून आलेले परीक्षक बॅग उचलून निघाले, "नेट नाही, परीक्षा पुढे ढकला." आम्ही त्यांना थांबवलं आणि अर्ध्या तासात सगळ्या मशीनवर सॉफ्टवेअर चढलं.

परीक्षक चक्रावले, "तुमचं नेट कुठल्या कंपनीचं?"

शिंदे सर म्हणाले, "नेट न्हाय सर. कोपरा हाय."

* * *

यंदा मात्र लॅबवरच बेतलं. ही म्हातारी मशीन ठेवायची की भंगारात घालायची, ते ठरवायला एक तज्ज्ञ आले. ते म्हणतील ती पूर्व. वीसही गेली असती तर लॅबलाच कुलूप लागलं असतं. साहेब नेमके कोपऱ्यातल्या मशीनपाशी बसले. "हे जुनाट सॉफ्टवेअर काय ठेवलंय? काढून टाकू," म्हणत त्यांनी कमांड दिली. पडद्यावर लाल यादी आली आणि साहेबांचं बोट वायकडे निघालं. मागे प्राचार्य उभे. त्यांच्यासमोर साहेबांना टोकायचं कुणी? शिंदे सर खिडकीबाहेर बघू लागले.

ठक्क!

"ओ साहेब! उभं राहून वाचा की आदी!"

साहेब वळले. दारात मावशी, हातात झाडू. प्राचार्यांचा चेहरा पांढरा पडला. साहेबांना काय वाटलं कुणास ठाऊक, ते उठून उभे राहिले आणि वाचू लागले. चौथ्या नावाला थांबले. ज्याच्या जोरावर बाकीची एकोणीस मशीन सॉफ्टवेअर घेतात, तेच ते नाव. साहेबांनी मुकाट्याने एन दाबलं.

"तुम्ही इथे काय करता?" त्यांनी मावशींना विचारलं.

"झाडते की."

पंधरा दिवसांनी अहवाल आला. वीसही मशीन ठेवावीत, असं त्यात होतं. खाली लॅबच्या जाणकार कर्मचाऱ्यांची नावं होती. माझं दुसरं होतं, मावशींच्या नावाखाली.