शपथ नाकारणारे नगराळे गुरुजी

श्रावण नगराळे गुरुजींची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. आर्णीपासून बैलगाडीच्या वाटेवरचं आमचं गाव. तिथे मास्तर टिकत नसत, म्हणून हेही चार दिवसांचे पाहुणे, असं मी धरून चालले होते. माझा महादेव शाळेत का येत नाही, हे विचारायला ते दारात येऊन उभे राहिले.

"शेळ्या कोन चारन? तुम्ही?" मी म्हटलं.

"शेळ्याही घेऊन येऊ द्या," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून शेळ्या शाळेच्या कुंपणात आणि महादेव वर्गात. शेळ्यांनी शाळेची जास्वंद बुंध्यापर्यंत खाल्ली. गुरुजींनी ती पुन्हा लावली, पण पोराला घरी धाडलं नाही.

आता गुरुजी साठीचे झाले म्हणून मंडळी हा गौरवग्रंथ काढत आहेत. त्यांच्या कार्यावर शिकलेले लोक लिहितीलच. त्यांच्या हाताखालून सारं गाव शिकून निघालं. मी तेवढी त्यांना पुरून उरले. म्हणून मी सांगते आणि नात लिहून घेते.

नागपूरहून दीक्षा घेऊन आम्ही परतलो, तेव्हा घरातले देव अरुणावतीत सोडायचं ठरलं. माझ्या टोपल्यात सासूने दिलेले देवांचे टाक होते आणि शेंदराने जाड झालेली मरीमाय होती. बाकीच्या बाया सोडून मोकळ्या झाल्या. मी काठावर बसूनच राहिले. "चाल ना वं बुढे," म्हणून पोरं ओरडायला लागली. गुरुजींनी त्यांना पुढे पाठवलं आणि स्वतः थांबले. उपदेश केला नाही, घाई केली नाही. टोपलं रिकामं झाल्यावर एवढंच म्हणाले, "रडून घ्या. फक्त पाण्यात उतरून पुन्हा गोळा करू नका." घरी आल्यावर माझ्या ध्यानात आलं की पोराचं नाव महादेव आहे. तेवढा एक देव काही नदीत सोडता आला नाही.

पुढे आमच्या पोरांनी मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं. गावच्या पाटलांना ते झोंबलं. काही दिवसांनी त्यांच्या कुटाराच्या, म्हणजे ढोरांच्या भुशाच्या, ढिगाला दिवेलागणीला आग लागली आणि पोलिसांनी महादेवला धरून नेलं. त्या वेळी महादेव गुरुजींच्या प्रौढवर्गात म्हाताऱ्यांना बाराखडी शिकवत होता. मीही तिथेच होते, पण आईची साक्ष कोण मानणार? बाकीचे सारे आमच्याच वस्तीतले. सरकारी नोकरीतले एकटे गुरुजी. त्यांच्या शब्दावर माझा पोरगा सुटायचा होता, नाहीतर जेलात जायचा होता.

यवतमाळच्या कोर्टाच्या व्हरांड्यात आमचे वकील काझीसाहेब गुरुजींना म्हणाले, "मास्टरजी, ईश्वर की कसम बोल देना. प्रतिज्ञेची सोय कायद्यात आहे, लेकिन साहब का मिजाज बिगड गया तो लडके का नुकसान."

"मी बौद्ध आहे. ईश्वराची शपथ मी घेणार नाही," गुरुजी म्हणाले.

मी त्यांच्या पाया पडायचीच बाकी राहिले. "गुरुजी, दोन शब्द तं हायेत. तोंडातल्या तोंडात म्हनून टाका. माह्या पोराची जिंदगी जाऊन राह्यली!"

"भागरथाबाई, तुमचे देव सोडाले नदीवर मी उभा होतो. तुमचे सोडाले लावले, अन् माहा एक कोर्टात परत आनू काय?"

मी त्यांची वाट सोडून बाजूला झाले. मी कुणाची वाट सहजासहजी सोडत नाही, हे गावाला ठाऊक आहे.

आत पट्टेवाला शपथ सांगू लागला, तसे गुरुजी शांतपणे म्हणाले, "ईश्वराची शपथ मी घेऊ शकत नाही. खरं सांगेन, अशी प्रतिज्ञा करतो."

सरकारी वकील उठले. "साहेब, ज्याला देवाचं भय नाही, त्याच्या बोलण्याचा काय भरवसा?"

जज्जसाहेबांनी चष्मा काढला. "मास्तर, खोटं बोलायला तुम्हाला कुणाचं भय वाटतं?"

"वर्गातल्या पोरांचं, साहेब. उद्या सकाळी त्यांच्यासमोर उभं राहायचं आहे."

साहेबांनी प्रतिज्ञा लिहून घ्यायला सांगितली. महादेव आगीच्या वेळी वर्गात समोर होता, हे गुरुजींनी सांगितलं. माझा जीव जरा भांड्यात पडतो, तोच सरकारी वकिलांनी विचारलं, "त्याच दिवशी सकाळी आरोपीने पाटलांना, तुमचं कुटार पेटेल, असं म्हटलं होतं. ते ऐकलंत का?"

"ऐकलं. तो तसं म्हणाला."

मी पदर तोंडात कोंबला. ह्या माणसाला एक साधं 'नाही' म्हणता आलं नसतं का?

पण महादेव सुटला तो त्यामुळेच. काझीसाहेबांनी सांगितलं, साहेबांनी निकालात लिहिलं की, जो साक्षीदार आरोपीच्या विरुद्ध जाणारी गोष्टही दडवत नाही, त्याची दुसरी गोष्ट मी का नाकारू? निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर आल्यावर मी गुरुजींना काही म्हणणार, तर ते महादेवलाच बोलत सुटले होते. "तोंड आवरत नाही कायले? आग लावाची भाषा शिकवली होती काय म्या?" एसटी आर्णीला पोचेपर्यंत त्यांचं चालू होतं. पोरगा सुटल्याचा आनंद आम्हाला खाली उतरल्यावर झाला.

त्या दिवशी महादेव आत गेला असता, तर आज हे लिहून घेणारी नात माझ्याजवळ नसती.

आता गुरुजींना आयुष्य चिंतायचं. तोंडात जुन्याच सवयीचं येतं, पण ते म्हटलं तर गुरुजी ह्या पानावरही हरकत घेतील. म्हणून त्यांच्याच रीतीने, कुठल्याही देवाचं नाव न घेता, मी भागरथाबाई प्रतिज्ञेवर सांगते : वर लिहिलेलं सारं खरं आहे. गुरुजी आम्हाला अजून पुष्कळ वर्षं हवे आहेत, धडधाकट हवे आहेत, आणि माझी बाराखडी व्हायची असल्यामुळे त्यांना रजा मिळणार नाही. खाली अंगठा माझाच आहे.