समझोत्यातलं जादा वाक्य

त्या वर्षी पोळ्याला आमच्या गावात मारामारी झाली. तोरणाखालून पहिली जोडी वरच्या गल्लीतल्या पाटलांची जायची. खालच्या गल्लीतल्या आबांची जोडी मध्ये घुसली की घुसवली गेली, यावर अजून एकमत नाही. काठ्या दोन्हीकडून चालल्या. पाटलांच्या एका बैलाचा पाय मोडला. वरच्या गल्लीत माणसं जास्त होती, एवढ्यावर निकाल लागला.

आठव्या दिवशी पारावर बैठक बसली. आबांनी बैलाचे सहाशे रुपये भरून द्यायचे आणि खालच्या गल्लीने पाच वर्षं सगळ्यांत शेवटी बैल आणायचे, असं ठरलं. आबांनी दोन्ही गोष्टी मान्य केल्या. कागद मी लिहायचा होता. आष्टीच्या शाळेत मी इतिहास शिकवायचो, आणि लिहिण्यात चोख म्हणून गावातले असले कागद माझ्याकडेच येत.

रकमेपाशी मी अडलो. कारण न देता रक्कम लिहिणं मला अपुरं वाटलं. म्हणून वर एक वाक्य घातलं : ‘भांडणाचा संपूर्ण दोष खालच्या गल्लीचा असून तो आम्हांस मान्य आहे.’ तसं लिहायला मला कोणीही सांगितलं नव्हतं. मग कागद मोठ्याने वाचला.

आबा म्हणाले, “गुरुजी, पैशे बराबर देतो. शेवटी यायला सांगितलं, तसंबी येतो. पर हे वाक्य काढा. काठ्या काय एकट्या आमच्याच होत्या?”

मी खोडायला पेन उघडलं. पण पाटलांनी आबांचं बोलणं ऐकलं होतं.

“दोष न्हाई, तर पैशे कशाचे देऊन राह्यले, आबा? जावयाला आहेर करता का?”

लोक हसले. “राहू द्या गुरुजी,” पाटील म्हणाले, “बराबर लिहिलंय.”

मी पेन बंद केलं. आबांनी एकेक अक्षर सुटं काढत सही केली.

दिवाळीनंतर नववीला पहिल्या महायुद्धानंतरचा तह शिकवायला आला. कलम दोनशे एकतीस : युद्धाची जबाबदारी जर्मनीची. भरपाई मागायला आधार हवा म्हणून ते घातलं होतं, आणि जर्मन लोकांना रकमेपेक्षा तेच जास्त झोंबलं, हे मी दरवर्षी सांगायचो. त्याही वर्षी सांगितलं, फळ्यावर कलमाचा आकडा लिहिला आणि पुढचा मुद्दा घेतला. मला काहीच वाटलं नाही.

आबांनी सहाशे रुपये दोन हप्त्यांत, वेळेवर दिले. पुढच्या पोळ्याला मात्र खालच्या गल्लीच्या तेवीस जोड्यांपैकी एकही आली नाही. त्यांनी आपल्या गल्लीत वेगळं तोरण बांधलं.

मी आबांकडे गेलो. म्हटलं, “नवा कागद लिहून देतो. ते वाक्य नसलेला.”

“पाटील सही करतील?”

“विचारलं नाही.”

“मंग विचारून या,” ते म्हणाले आणि गोठ्यात गेले.

पाटलांचं घर माझ्या दारापासून साठ पावलांवर होतं. मी गेलो नाही.