पापडाएवढ्या तळव्याचे बूट आणि मामांची पाळी

पन्नाशी जवळ आली की माणसं देवधर्माला लागतात. मी रात्री रानवाटांनी पळायला लागलो. तेही कसल्या बुटांत? तळवा पापडाएवढा आणि प्रत्येक बोटाला वेगळा कप्पा. वाटेवरचा खडा न खडा पायाला कळतो, आणि आपली चाहूल मात्र कुणाला लागत नाही. बारामतीत शेजारी नुसते हसले. आजोळी, निरवांगीला, मामांनी ते चिमटीत धरून उलटेपालटे केले आणि म्हणाले, "हातमोजं पायात घातलंस व्हय रं? ह्यापरीस बैलावानी पत्र्या ठोकून घे."

त्या रात्री मामांची कालव्याच्या चारीच्या पाण्याची पाळी होती. उसाची नवी लागण तहानलेली. ही पाळी हुकली तर पुढची येईपर्यंत कोंब जळणार. आणि पाणी येत होतं करंगळीएवढं. वरच्या अंगाला शेजाऱ्याचं रान, तोच चारी फोडून पाणी वळवतोय असं मामांचं पक्कं मत. दोघांचं बोलणं बंद. मामी कंबर धरली म्हणून लवकर निजायला गेली होती. मामा शेताच्या तोंडाशी राखणीला बसले आणि मला फर्मावलं, पळायचंच आहे ना, मग चारीच्या कडेनं वर पळ आणि त्याला रंगेहाथ धर.

चोर धरायचा म्हणून कपाळावरचा दिवा विझवला. चांदण्यात निघालो. तळव्याला आधी ढेकळं लागली, मग खडी, आणि एकाएकी गार, लिबलिबीत चिखल. भर उन्हाळ्यात वाट ओली? पुढं चारी फोडलेली, आणि तिच्यावर कुणीतरी वाकलेलं. अगदी जवळ जाऊन मी दिवा लावला.

मामी होती.

पदर खोचलेला, हातात खोरं, आणि कंबर ठणठणीत. तिला मात्र मी दिसलोच नाही. पावलांचा आवाज नाही, माणूस नाही, अंधारात नुसता एक जळता डोळा. खोरं माझ्या टाळक्यावर आलंच होतं. मी कसाबसा "मामी" म्हणालो म्हणून आज हे लिहितोय.

धाप ओसरल्यावर विचारलं, आपली लागण जळत असताना शेजाऱ्याला पाणी?

"मागल्या पाळीला त्यांचं पाणी तुझ्या मामानं तोडलं. हितंच. म्या बघितलंय," मामी म्हणाली. "त्यांचीबी लागणच हाय. निम्मंच सोडलंय. दोन सऱ्या भिजल्या की बुजवते."

गावातले बांधाचे तंटे ज्यांच्या शब्दावर मिटतात, ते माझे मामा!

त्यांना आता काय सांगू, असं विचारलं, तर ती सऱ्यांकडं बघतच म्हणाली, "घुशीचं बीळ होतं म्हण. बुजवलं म्हण."

सऱ्या भिजल्या, दोघांनी मिळून चारी लिंपली. मी खाली पोचलो तर पाणी माझ्याआधी पोचलेलं, आणि मामा घोटाभर चिखलात उभे राहून हसत होते.

सकाळी चहाला मामांनी बूट मांडीवर घेतले होते. ज्यांनी अंधारात घुशीचं बीळ हुडकलं, त्या बुटांचं कौतुक त्यांना पुरेना.

"चाहूल न्हाय, काय न्हाय. मला एक जोड आण. पुढल्या पाळीला त्या शेजाऱ्याला मीच धरतो."

मामीनं माझ्यापुढं कप ठेवला.

"आधी माझं माप घे," ती म्हणाली.